नऊ मार्कांची बाई

आमच्या घरी रोज दिवेलागणीला हरिपाठ असे. वडील म्हणत, आत्मा ना बाई, ना पुरुष. श्वेताश्वतर उपनिषदातही हे आहे, पण त्याच श्लोकात पुढे म्हटलंय की जो देह मिळेल त्याच्याशी तो जोडला जातो. हा दुसरा अर्धा भाग मला उमगला तो व्यसनमुक्तीच्या वॉर्डात. तिथे एकवीस वर्षं मी सिस्टर होते, बहुतेक रात्रपाळीला.

गर्द सोडलं की टर्की लागते. अंगावर काटा, जांभयांवर जांभया, नाक वाहतं, हाडं पिळवटतात, पोट बिघडतं. या सगळ्याला आम्ही मार्क द्यायचो. लक्षणं अकरा, एकूण मार्क ४८. त्यावरून डॉक्टर टर्कीवरच्या औषधाचा, ब्युप्रेनॉर्फिनचा, डोस ठरवायचे.

एका पावसाळ्यात एकाच रात्री दोघं आले. गर्दवाला रिक्षाचालक २६ मार्कांवर. लाथा झाडत होता, आईच्या नावाने हाका मारत होता. महिला कक्षातली बाई शिवणकाम करणारी, कंबरदुखीसाठी सुरू झालेल्या ट्रामाडोलमध्ये अडकलेली. तिचे मार्क नऊ. भिंतीकडे तोंड करून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. रजिस्टरमध्ये मी त्याच्यापुढे लिहिलं, ‘सहकार्य करत नाही.’ तिच्यापुढे, ‘सोशीक.’

दोघांचं व्यसन वेगळं, तेव्हा तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पण ते शेरे मला अजून टोचतात.

गर्द असो वा ट्रामाडोल, अफूच्या जातीचं औषध रोज घेतलं की मेंदूतले म्यू रिसेप्टर त्याला दाद देईनासे होतात, आणि त्याने दाबून ठेवलेल्या पेशी आतून जोर वाढवत राहतात. औषध थांबलं की पाण्याखाली दाबलेला चेंडू सुटावा तशा त्या उसळतात. हे रिसेप्टरही स्त्री-पुरुषांत सारखे नसतात. १९९९ साली अमेरिकेत स्कॅन करून पाहिलं, तर मेंदूच्या अनेक भागांत बायकांमध्ये त्यांची पकड जास्त आढळली, आणि पाळी गेलेल्या बायकांत काही ठिकाणी पुरुषांहून कमी. उंदरांवरच्या काही प्रयोगांत टर्कीची शारीरिक लक्षणं नरांत अधिक ठळक दिसली. मुळात माद्यांकडे बघायचं कोण? २०११ सालच्या एका आढाव्यात मेंदूविज्ञानातले फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्यांच्या साडेपाचपट निघाले.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, इच्छा नसताना माणूस पापाकडे कुणी ओढल्यासारखा का जातो? वॉर्डात गुरुवारी येणारे बुवा उत्तरादाखल संकल्पावर तासभर बोलत. मला त्यांना विचारायचं होतं, बुवा, त्याचं ओरडणं जर देहाचं, तर हिचं गप्प राहणं आत्म्याचं कसं? पाप रिसेप्टरच्या खात्यावर आणि पुण्य आत्म्याच्या, हा हिशेब लबाडीचा नाही का? विचारलं नाही. सिस्टरने बुवांना असलं विचारायचं नसतं.

त्या रात्री तीनच्या सुमाराला मी तिची नाडी बघायला गेले. घामाने उशी भिजली होती. पलीकडून रिक्षावाल्याचा आवाज येतच होता. तिने हळूच विचारलं, “सिस्टर, मी ओरडले तर चालेल का हो?”

मी म्हटलं, “ओरड बाई, खुशाल ओरड.”

तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला.