कोड्याचे उत्तर आणि नवे ज्ञान

सुडोकूचे कोडे छापले जाते तेव्हाच त्याचे उत्तर ठरलेले असते. ८१ घरांपैकी काही घरांत आकडे दिलेले असतात आणि उरलेली घरे, कोडे नीट रचले असेल तर, एकाच प्रकारे भरता येतात. नियमात बसणारे पूर्ण चौकोन किती, तर सुमारे ६६७ वर १९ शून्ये. आणि इतक्या शक्यतांतून नेमका एकच चौकोन निवडायला किमान १७ आकडे द्यावे लागतात, हे २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. सोडवणारा बाहेरून काहीच आणत नाही. मग शेवटचे घर भरल्यावर त्याला काही नवे कळले असे म्हणायचे का? सकाळच्या चहाबरोबर हजारो लोक करतात त्या या बौद्धिक व्यायामात ज्ञानमीमांसेचा एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. हाती असलेल्या माहितीत जे आधीच आहे ते तर्काने बाहेर काढणे, हे ज्ञान की नुसती उजळणी?

हा पेच प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात येतो. जे ठाऊक आहे ते शोधायची गरज नाही, आणि जे ठाऊकच नाही ते सापडले तरी ओळखायचे कसे, असे मेनो विचारतो. सॉक्रेटिस त्याच्या घरच्या एका गुलाम मुलाला बोलावतो. मुलाला भूमितीचा गंध नाही. दोन फूट बाजूचा, म्हणजे चार चौरस फुटांचा चौरस काढून सॉक्रेटिस त्याला याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करायला सांगतो. मुलगा बाजू दुप्पट करतो, क्षेत्रफळ सोळा होते. मग तीन फूट म्हणतो, ते नऊ होते. आता आपल्याला येत नाही असे तो कबूल करतो, आणि पुढच्या प्रश्नांतून मूळ चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस हे उत्तर त्याला दिसते. सॉक्रेटिस यातून असा निष्कर्ष काढतो की, आत्म्याला हे आधीच ठाऊक होते, त्याला फक्त आठवण झाली. या प्रसंगातला सर्वांत मोलाचा क्षण मात्र आठवणीचा नाही. दोन उत्तरे चुकल्यावर ‘मला माहीत नाही’ असे मुलाला स्वतःलाच कळते, तो क्षण मोलाचा.

नेमक्या याच जागी न्यायदर्शन बोट ठेवते. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन सांगतो की, अगदीच अज्ञात वस्तूविषयी युक्तिवाद सुरू होत नाही, आणि निश्चित झालेल्या वस्तूविषयीही होत नाही. तो संशयित वस्तूविषयी होतो. मेनोच्या पेचाला इतके सरळ उत्तर क्वचितच कुणी दिले असेल. सुडोकूतले रिकामे घर हा असाच रेखीव संशय असतो. त्यात १ ते ९ पैकी एक आकडा आहे हे ठाऊक, कोणता ते ठाऊक नाही.

तो संशय कसा फिटतो तेही न्यायाच्या भाषेत चपखल मांडता येते. समजा, एका रिकाम्या घराच्या आडव्या ओळीत १, ३, ६ आणि ९ आहेत, उभ्या रांगेत २ आणि ७, आणि तीन बाय तीनच्या चौकटीत ४ आणि ८. आठ पर्याय बाद झाले, ५ उरला. हे परिशेषानुमान. शब्द म्हणजे ध्वनी हा गुण आहे, हे वात्स्यायन अशाच रीतीने दाखवतो: तो द्रव्य, गुण आणि कर्म यांपैकी काहीतरी असणार, द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण. अवघड कोड्यात याने भागत नाही. मग ‘इथे ४ आहे असे धरू’ म्हणून पुढे जावे लागते आणि चार घरांनंतर एकाच ओळीत दोन ४ आले की ती कल्पना सोडावी लागते. नैयायिक याला तर्क म्हणतात. त्यांच्या मते तर्क स्वतः प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, नव्हे, तो प्रमाणाला मदत करतो. पेन्सिलीने बारीक लिहून खोडलेल्या आकड्यांना याहून योग्य जागा देता येणार नाही.

मूळ शंका अजून उरतेच. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ती धारदारपणे मांडली. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत’ असे म्हणताना हा विशिष्ट माणूसही मर्त्य आहे हे आधीच गृहीत धरलेले असते, मग निष्कर्षाने काय मिळवले? सुडोकूत ही शंका अधिक शुद्ध रूपात येते. माणसांविषयीचे सर्वसामान्य विधान अनुभवावर उभे असते, त्यामुळे ‘सर्व माणसे कुणी पाहिली आहेत?’ असा चार्वाकासारखा आक्षेप त्यावर घेता येतो. कोड्याचा नियम मात्र रचणाऱ्यानेच घालून दिलेला असतो, त्याविषयी वादच नाही. उरतो तो एवढाच प्रश्न, की दिलेल्यात ‘असणे’ म्हणजे काय. गोट्लोब फ्रेगेने १८८४ मध्ये अंकगणिताच्या पायाविषयी लिहिताना यावर एक मार्मिक दृष्टान्त दिला: निष्कर्ष व्याख्यांत असतात ते बीजात रोप असते तसे, घरात तुळया असतात तसे नव्हे.

न्यायाच्या भूमिकेतून याहून थेट उत्तर निघते. न्यायमतानुसार ज्ञान हा जाणणाऱ्या आत्म्याचा गुण आहे. कागदावर आकडे असतात, ज्ञान नसते. म्हणून उत्तर कागदावर ठरलेले असले तरी सोडवणाऱ्याच्या ठायी ते नव्हते, हे पूर्णपणे खरे. यथार्थ ज्ञानाचा विषय पूर्वी न कळलेला असला पाहिजे, ही मीमांसकांची अटही सुडोकू सहज पाळतो. शब्दकोड्याची गोष्ट वेगळी. नदीचे किंवा कादंबरीचे नाव आठवून घर भरणे ही स्मृती, आणि न्याय स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, मानत नाही. आडव्या शब्दाने दिलेल्या अक्षरांवरून उभा शब्द ताडता येतो तेवढ्यापुरते तिथेही अनुमान शिरते.

असलेलेच मिळण्याचा विचार वेदान्ताने सर्वांत खोलवर नेला आणि त्यासाठी एक संख्येचेच कोडे वापरले. दहा जण नदी पार करतात. पलीकडे पोहोचल्यावर जो तो मोजतो आणि स्वतःला सोडून नऊच भरतात. दहावा बुडाला म्हणून रडारड होते. एक वाटसरू ‘दहावा आहे’ असा धीर देतो, मग मोजणाऱ्याकडे बोट करून ‘दहावा तूच’ असे दाखवतो. शंकराचार्यांच्या ‘उपदेशसाहस्री’त हा दृष्टान्त आहे. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’च्या सातव्या प्रकरणात त्याच्या सात पायऱ्या केल्या आहेत: अज्ञान, आवरण, विक्षेप, परोक्ष ज्ञान, अपरोक्ष ज्ञान, शोकनिवृत्ती आणि तृप्ती. दहावा कधी हरवलाच नव्हता, त्यामुळे त्याची प्राप्ती म्हणजे अज्ञान जाणे, एवढेच. तरीही ते रडणे खरे होते आणि ते थांबणेही खरे. नवी वस्तू न मिळता नवे ज्ञान मिळू शकते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

साम्य मात्र इथेच थांबते. दहाव्याला स्वतःविषयी कळते, सुडोकूत घराविषयी. मोजणाऱ्याची चूक एकदा फिटली की पुन्हा मोजायची गरज पडत नाही. कोडे सोडवणारा उद्या नव्या अज्ञानापाशी आपणहून जातो. रोजचे कोडे बुद्धीला धार लावते म्हणून त्याला साधना म्हणणे हा अतिरेक आहे.

आपणहून जाण्याची ही ओढ न्यायशास्त्राच्या ध्यानातून सुटली नव्हती. तर्कात रस असणारे लोक डोळ्यांनी दिसणारी गोष्टही अनुमानाने जाणू इच्छितात, असे वाचस्पती मिश्राने म्हटले आहे. उत्तर छापलेले असताना तिकडे न पाहणारे हेच लोक. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त याला शास्त्रीय रूप दिले. एखादी गोष्ट आधीच सिद्ध असेल तर अनुमान अडते. पण ती सिद्ध करण्याची इच्छा असेल तर सिद्ध असूनही अडत नाही. त्यामुळे कालचेच कोडे आज हाती आले, तर आकडे आठवून भरणाऱ्याला स्मृती होते आणि पहिल्या घरापासून पुन्हा पर्याय बाद करत जाणाऱ्याला अनुमिती, म्हणजे अनुमानाने होणारे ज्ञान, मग दोघांचे चौकोन अगदी एकसारखे का असेनात.