अण्णांना कुणी विचारले?

आमच्या दिंडीतल्या एका विणेकऱ्यांची ही गोष्ट आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ७८. लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ, विडी-तंबाखूला कधी शिवले नाहीत. गेल्या वर्षी खोकला थांबेना म्हणून तपासणी केली, तर फुप्फुसाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. लगेच कुजबुज सुरू झाली, की माळकऱ्याला हा रोग कसा? पूर्वजन्मीचे काही असेल!

ही कुजबुज आपणच थांबवली पाहिजे. धूम्रपान हे या रोगाचे मोठे कारण खरेच, पण ज्यांनी कधी धूर ओढला नाही त्यांनाही तो होतो. अशांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकातला बिघाड अधिक आढळतो. गाठीचा तुकडा तपासून तो ओळखता येतो आणि नेमक्या त्या बिघाडावर काम करणारी गोळी मिळते. रोज एक, घरीच घ्यायची. पुष्कळांची गाठ आक्रसते, धाप कमी होते. रोग मुळातून मात्र जात नाही. पुढे केव्हातरी गाठ त्या गोळीला दाद देईनाशी होते.

अण्णांच्या गाठीत हा बिघाड सापडला. डॉक्टरांच्या खोलीत थोरला मुलगा म्हणाला, "वय झालं त्यांचं, आता कशाला त्रास?" धाकटा म्हणाला, "काहीही करा, पण वाचवा." दोघांची माया खरी. अण्णा बाहेर बाकावर बसले होते.

धाकट्याला आकडा हवा होता. ओसिमर्टिनिब या नव्या गोळीचा फ्लॉरा नावाचा अभ्यास ५५६ रुग्णांवर झाला. त्यात नवी गोळी घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ३८.६ महिने भरले, आधीच्या पिढीतल्या गोळ्या घेणाऱ्यांचे ३१.८. मध्यक म्हणजे कुणा एकाची मुदत नव्हे. निम्मे त्याच्या आधी गेले, निम्मे त्याच्या पुढे जगले. शिवाय अशा अभ्यासांत अण्णांच्या वयाची माणसे थोडीच असतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या अभ्यासात गेफिटिनिब गोळीला केमोची जोड दिली, तेव्हा रोग आवरून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. पण गंभीर त्रास होणारे शेकडा २५ होते, ते ५१ झाले. दिवस वाढतात, त्यांचे मोलही द्यावे लागते. ते द्यायचे की नाही, हे नुसते जन्मवर्ष पाहून कसे ठरेल? माणूस किती हिंडतो-फिरतो, दुसरी दुखणी कोणती, हे पाहावे लागते. आणि त्याला काय हवे, तेही.

कुणी म्हणेल, देह नश्वर, वारकऱ्याने गोळीचा लोभ कशाला धरावा? मला हा युक्तिवाद खटकतो. देह नश्वर हे ज्याने त्याने आपल्या देहाविषयी म्हणावे. दुसऱ्याच्या देहाविषयी म्हटले, की त्यात वैराग्य कमी आणि खर्चाचा हिशेब जास्त असतो. उलट बाजूला, बापाला आजाराचे नावही न सांगता "वाचवा" म्हणणे, त्यात आपलीच भीती अधिक असते. कीर्तनात मरणाच्या गोष्टी बिनदिक्कत करणारे आपण घरातल्या म्हाताऱ्यासमोर मात्र गप्प होतो, हे मोठे नवल आहे.

शेवटी मीच म्हणालो, अण्णांना आत बोलवा. डॉक्टरांनी सावकाश सगळे सांगितले. अण्णांनी ऐकून घेतले आणि विचारले, "गोळी घेतली तर आषाढीला चालता येईल?"

"सगळी वाट नाही, थोडी येईल. अंगावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजणं, हे होऊ शकतं."

"आणि यापायी शेत विकावं लागेल का?"

थोरल्याने मान खाली घातली. मग दोन गोळ्यांच्या किमती निघाल्या. स्वस्त पडणारी जुनी गोळी अण्णांनीच निवडली; केमो नको म्हणाले.

त्याला आता सात महिने झाले. उजव्या हाताची नखे सुजतात, डॉक्टरांनी मलम दिले आहे. वीणा अण्णा खाली ठेवत नाहीत. तार छेडायचे बोट तेवढे बदलले आहे.