दोन गुरूंची दोन वचने

परंपरा एकमुखाने बोलते, असा देवस्थानांच्या सावलीत वाढलेल्या आपणां लोकांचा एक गोड समज असतो. तो आमचाही होता. आणि त्यापायी एका मुलावर आमच्या हातून अन्याय घडला, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी पेडणे महालातील तुये गावी एका उत्सवास आमचे जाणे झाले. तेथील एक मुलगा आपल्या आजोबांपाशी सनई आणि एका बँडमास्तरांपाशी क्लॅरिओनेट शिकत असे. पालखीपुढे वाजविताना त्याच्या क्लॅरिओनेटची पत्ती दाद देईना; सुराऐवजी किंकाळी निघाली. लोकांत अपशकुनाची कुजबुज झाली. मास्तर संतापले. पत्ती पाण्यात भिजवावी हा त्यांचा दंडक. ‘‘थुंकेन पत्ती कुसता,’’ असे ते नेहमी बजावीत. मुलाने मात्र त्या रात्री आजोबांचे ऐकले होते. आजोबांचे वचन नेमके उलट: ‘‘उदकान पत्ती मरता.’’ पत्ती ओली करावयाची ती मुखानेच.

आम्ही कायदा शिकलेले, म्हणून निवाडा आमच्याकडे आला. मुलाने एवढेच विचारले, ‘‘दोघेही गुरू, मग खरे कोणाचे?’’ आम्हांस तो उद्धटपणा वाटला. वडीलधाऱ्याचे वचन श्रेष्ठ, असे सांगून आम्ही मोकळे झालो. मुलाने क्लॅरिओनेट परत केले. पुढे सनईही सुटली, असे कानी आले.

आमची चूक कोणती? 1872च्या पुराव्याच्या कायद्यातील 51व्या कलमाप्रमाणे, जाणत्याचे मत ग्राह्य असेल तेथे त्या मताची कारणेही ग्राह्य असतात. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. तत्त्व मात्र कायम आहे. आम्ही दोघांची वये विचारली, कारणे विचारली नाहीत.

कारणे विचारली असती तर तंटाच उरला नसता. सनईची पत्ती दुहेरी, पातळ आणि थेट ओठांत धरावयाची; ती फार भिजली की तिचा ताठपणा जातो. क्लॅरिओनेटची पत्ती एकेरी, रुंद आणि मुखनळीवर बांधलेली. ती एकीकडे ओली व दुसरीकडे कोरडी राहिली की तिला पीळ पडतो. आजोबांचे वचन सनईविषयी खरे, मास्तरांचे क्लॅरिओनेटविषयी. मनूनेही दोन श्रुतिवचनांत विरोध दिसला तर दोन्ही धर्मच मानावी असे सांगितले आहे, आणि दृष्टान्त दिला आहे तो सूर्योदयापूर्वीच्या व नंतरच्या होमाचा. वचन खोटे ठरविण्यापूर्वी ते कोठे लागू आहे, हे पाहावयास हवे.

सर्वच विरोध असे मिटत नाहीत. ‘‘शिसवीवाचून सुरात जीव नाही,’’ असे आजोबा म्हणत. मास्तरांचे वाद्य तर एबोनाइटचे. येथे दोन्ही वचने एकदम खरी असू शकत नाहीत. येथे परीक्षाच हवी, आणि ती झालेली आहे. अमेरिकेत जॉन बॅकस यांनी 1964 साली दाखविले की, क्लॅरिओनेटच्या नळीच्या भिंतीच्या कंपनाचा नादाच्या गुणाला लागणारा हातभार नगण्य असतो. 1971 साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या तीन सारख्या बासऱ्या घेऊन प्रयोग केला. त्यांचा आवाज ऐकणाऱ्यांस वेगळा ओळखता आला नाही, आणि वाजविणाऱ्यांसही नाही. नाद घडतो तो मुख्यतः आतील हवेच्या स्तंभातून. तेव्हा या बाबतीत आजोबा चुकले, असे म्हणण्यात त्यांचा अवमान नाही. ज्या हातांनी त्यांनी शिसवी जपली, त्या हातांचे मोल त्यामुळे उणे होत नाही.

उरते ते तिसऱ्या जातीचे वचन, आणि तेच सर्वांत अवघड. पत्ती घडविण्याचे गूज परघरी सांगितले तर सूर निघून जातो, असे आजोबांनी मुलास शिकविले होते. यज्ञातील एक वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, अशा स्मृतिवचनामागे लोभ दिसतो म्हणून मीमांसकांनी ते अप्रमाण ठरविले. तोच न्याय लावून आजोबांचे वचनही आम्ही सहज उडवून लावू शकलो असतो. पण लोभ आणि भूक यांत भेद आहे. ज्या कलावंतास आपण देवळाच्या अंगणात उभे केले, वर्षभर राबविले आणि मूठभर तांदळांवर बोळविले, त्याच्यापाशी लेकरांसाठी ठेवावयास त्या गुपितावाचून दुसरे होते तरी काय? तेव्हा ते वचन अप्रमाण खरे. पण त्याला जन्म देण्यात आपला, देवस्थानच्या मंडळींचा, वाटा आहे. त्याने मूठ उघडावी अशी अपेक्षा करण्यापूर्वी त्याच्या पोटाची चिंता आपण वाहिली पाहिजे.

गुरुभक्ती म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांस असे उशिरा उमगले. गुरूचे वचन डोळे मिटून धरणे ही भक्तीची पहिली पायरी असेल. ते हाती घेऊन, फुंकून पाहणे आणि ‘‘का?’’ असे नम्रपणे विचारणे ही तिची पुढची पायरी. त्या मुलाने ती चढू पाहिली, तेव्हा आम्ही त्यास मागे ओढले.

आजही सांजवेळी चौघड्याबरोबर सनईचा सूर उठला की आम्ही हात जोडतो. मग मनात येते, त्या रात्री निवाडा देण्याऐवजी आम्ही दोघा वृद्धांस एका बाकावर बसवून त्या मुलाचाच प्रश्न पुन्हा विचारला असता, तर कदाचित या सुरात त्याचाही सूर असता.