चंद्र आणि भाकर

एखादा देश माणसाला चंद्रावर पाठवतो आणि त्याच देशात मुले उपाशी झोपतात. मग त्या यानाकडे कोणत्या नजरेने पाहावे? अभिमानाने की संतापाने?

१५ जुलै १९६९ रोजी अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या दिवशी अपोलो ११ चंद्राकडे झेपावणार होते. त्या उड्डाणतळापाशी रेव्हरंड राल्फ ॲबरनथी शेकडो गरीब माणसे आणि खेचरांच्या गाड्या घेऊन पोहोचले. हे बॅप्टिस्ट पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांचे जिवलग सहकारी. १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाल्यावर त्यांच्या संघटनेची धुरा ॲबरनथींकडे आली होती. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला १९६५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले होते. पोटाचा प्रश्न मात्र तसाच होता.

नासाचे प्रमुख थॉमस पेन रिमझिम पावसात त्यांना भेटायला मैदानावर आले. ॲबरनथी म्हणाले, देशातील पाचांपैकी एका माणसाला पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी नाही. हा पैसा त्यांच्यासाठी खर्च व्हावा. पेन यांनी उत्तर दिले, की उद्या बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल, तर आम्ही ते दाबणार नाही. माणसांच्या प्रश्नांपुढे आमचे तंत्रज्ञान म्हणजे पोरखेळ आहे, असेही त्यांनी कबूल केले.

पेन खोटे बोलले नाहीत. एका ठिकाणी वाचवलेला पैसा आपोआप गरिबाच्या ताटात पडत नाही. पण एवढ्याने प्रश्न मिटतो का? चंद्रही अवघडच होता. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उतरवण्याचे ध्येय ठेवले. मुदत ठरली, पैसा उभा राहिला, लाखो हात कामाला लागले. भुकेसाठी मुदत, पैसा आणि हात असे एकत्र आले नाहीत. रॉकेटने एक गोष्ट सिद्ध केली: ज्या देशाला हे जमते, त्याला भुकेबाबत 'आमच्याच्याने होत नाही' असे म्हणता येत नाही.

निघण्यापूर्वी पेन यांनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली. ॲबरनथींनी ती आनंदाने मान्य केली. त्यांच्याबरोबरच्या काही कुटुंबांना उड्डाण पाहण्यासाठी जागाही मिळाली. पण प्रार्थना केली म्हणून त्यांनी आपली मागणी मागे घेतली नाही, आणि मागणी होती म्हणून त्या तिघा वीरांचे वाईट चिंतले नाही. न्याय मागताना मन कडू होऊ द्यायचे नसते, हे त्यांनी दाखवले.

आपणही दुसऱ्याच्या गरजेपुढे पुष्कळदा म्हणतो, 'ते फार अवघड आहे.' तेव्हा स्वतःला एवढेच विचारावे: खरेच अवघड आहे, की आपण त्यासाठी अजून मुदतच ठरवलेली नाही?