धप्पा

लपाछपीच्या खेळात एक नियम आहे. ज्याच्यावर राज्य असते त्याने लपलेला गडी पाहून त्याचे नाव घेतले की तो गडी बाद. पण तोच गडी जर पाऊल न वाजवता मागून आला आणि राज्यवाल्याच्या पाठीवर थाप मारून 'धप्पा!' म्हणाला, तर सारा डाव उलटतो व राज्य पुन्हा त्याच बिचाऱ्यावर येते. कोकणातल्या खळ्यांत आणि मुंबईच्या चाळींत हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, पण त्यात कोणी फसवाफसवी केली की पाच वर्षांचे पोरही हुज्जत घालते. त्यात एक बारकावा आहे. नुसती थाप मारून भागत नाही; मोठ्याने 'धप्पा' म्हणावे लागते. लपणे चालते, मागून येणेही चालते. मात्र हात लागला त्या क्षणी स्वतःचा आवाज द्यावा लागतो.

या बारकाव्याकडे माझे लक्ष गेले ते माझ्या पुतण्यामुळे. तो अकरावीत आहे आणि संध्याकाळी माडीवर बसून संगणकावर एक खेळ खेळतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे त्याचे नाव. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली बाजारात आणला आणि २०१९ मध्ये त्याचे जुने, मूळ रूप पुन्हा खुले केले. पुतण्या हे जुनेच खेळतो. देशोदेशींची माणसे इंटरनेटवरून त्या एकाच काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येकाने आपले पात्र निवडायचे, पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची आणि लढत लढत साठाव्या पायरीपर्यंत त्याला वाढवायचे. पात्रांच्या जाती नऊ: योद्धा, धर्मोपदेशक, मांत्रिक, शिकारी वगैरे. पुतण्याने जी निवडली तिला इंग्रजीत 'रोग' म्हणतात. रोग म्हणजे लुच्चा, भामटा. पण मराठी घरात हा शब्द कसा वाजतो, याचा त्याला विचार नव्हता. "आई, आज माझा रोग बराच वाढला," असे त्याने स्वयंपाकघरात येऊन आनंदाने सांगितले, तेव्हा वहिनींच्या हातातली पळी आमटीतच राहिली.

हा रोग कसा वाढतो ते मी काही दिवस त्याच्या शेजारी बसून पाहिले. शाळामास्तराला कोणाचीही वाढ पाहण्याची खोडच असते. योद्ध्याच्या अंगावर लोखंडी चिलखत असते. याच्या अंगावर नुसते कातडे. त्यामुळे समोरासमोर दोन शत्रू एकदम आले की याचे मरण ठरलेले. याच्यापाशी असतात दोन सुरे आणि अदृश्य होण्याची विद्या. पण ती विद्याही फुकटची नाही. सुरुवातीला लपून चालायचे तर वेग निम्म्यावर येतो. शत्रूच्या समोरून गेले तर तो ओळखण्याची शक्यता अधिक, पाठीमागून गेले तर कमी. शत्रू आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरचा असला तर त्याला हा लांबूनही दिसतो. वार करायला लागते ती ताकद १०० मापांची. एका साध्या वाराला ४५ मापे खर्ची पडतात आणि दर २ सेकंदांना २० भरून येतात. म्हणजे दोन घाव घातले की हात रिता, मग थांबायचे. एकामागून एक नेमके घाव बसले की त्यांची पुंजी साठते, पाचांपर्यंत. आणि ती सारी एका शेवटच्या घावात ओतायची.

वर्गात दहा मिनिटे स्वस्थ न बसणारा हा मुलगा एका खडकाआड श्वास रोखून बसलेला मी पाहिला. पहारेकऱ्यांची फेरी कशी फिरते, दोघांतला एक केव्हा दूर जातो, याचा त्याचा हिशेब चालला होता. आपली ताकद किती आणि कोठे संपते, हे त्याला चोख ठाऊक होते. व्याकरणाच्या पुस्तकाने जे त्याला शिकवले नाही ते या भामट्याने शिकवले, हे मला मान्य करावे लागले.

पण माझ्या थोरल्या बंधूंना ते मान्य नव्हते. "यात पराक्रम तो कसला?" ते एके रात्री जेवताना म्हणाले. "लपायचे आणि पाठीत सुरा खुपसायचा! ही काय मर्दाची रीत झाली?" प्रश्न जुनाच आहे आणि रास्तही आहे. पाठीत खंजीर खुपसणे याहून वाईट शिवी आपल्या भाषेत फारशी नाही. पुतण्याने पानातला भात कालवीत उत्तर दिले, "पण बाबा, वार केला की मी दिसायला लागतो ना!"

त्या उत्तराने मी चमकलो. खेळाचा तसा नियमच आहे. अदृश्यपणे शत्रूच्या पाठीशी जाता येते. परंतु पहिला घाव घातला की पडदा गळून पडतो. मग ज्याने मारले तो आणि ज्याला लागले तो, दोघे एकमेकांसमोर उभे. लढाई चालू असेतो पुन्हा सहजासहजी लपता येत नाही. थोडक्यात, संगणकातल्या भामट्यालाही 'धप्पा' म्हणावे लागते!

आमच्या जुन्या कथांना हा प्रश्न नवा नाही. सुग्रीवाशी झुंजणाऱ्या वालीला रामाने झाडाआडून बाण मारला. पण वाल्मीकींची कथा बाण लागला तेथे संपत नाही. घायाळ वाली जमिनीवर पडला आहे, आणि राम त्याच्यासमोर येतो. दुसऱ्याशी लढत असताना, न दिसता तू मला का मारलेस, असे वाली खडसावून विचारतो. राम ते सारे ऐकून घेतो आणि उत्तर देतो. ते उत्तर पटले की नाही यावर पंडितांचा वाद शतकानुशतके चालू आहे. मला त्या वादापेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते: राम निघून गेला नाही. ज्याला मारले त्याच्या प्रश्नापुढे तो उभा राहिला.

इतिहासातला दाखला तर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज पुण्याच्या लाल महालात शिरले. ज्या वाड्यात त्यांचे बालपण गेले तेथे मोगलांचा सुभेदार शाईस्ताखान प्रचंड फौजेसह ठाण मांडून बसला होता. समोरून लढावे असे बळ नव्हते. म्हणून काळोख, मोजकी माणसे आणि वाड्याच्या खाणाखुणांची माहिती, एवढेच भांडवल. खान बोटांवर निभावला, त्याचा मुलगा मारला गेला. हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे कमी जणांना ठाऊक असते. राजापूरच्या इंग्रज वखारीतून १२ एप्रिलला, म्हणजे आठवड्याच्या आत, सुरतेला एक पत्र गेले. राजापूरचे कारभारी रावजी पंडित यांना खुद्द महाराजांचे पत्र आले असून त्यात त्या रात्रीची हकीकत आहे, असे त्यात लिहिले आहे. निवडक चारशे माणसे घेऊन आपण जातीने गेलो, खानावर आपल्या हाताने वार केला, असे महाराज कळवतात. अंधारातल्या त्या झटापटीत खानाच्या जनान्यातल्या बायकाही दगावल्या, हेही ते पत्र लपवीत नाही. काळोखात केलेली गोष्ट सहा-सात दिवसांत स्वतःच्या नावाने उजेडात आणली गेली होती.

मग नाव सांगितले की सारे क्षम्य होते काय? तसे असते तर अश्वत्थामाही निर्दोष ठरला असता. युद्ध संपल्यावर वडाखाली बसलेल्या त्या वीराने एक घुबड पाहिले. झोपलेल्या कावळ्यांना ते एकेक करून मारीत होते. त्यावरून त्याला युक्ती सुचली. कृपाचार्यांनी परोपरीने विनवले, निजलेल्यांवर हत्यार धरू नकोस. त्याने ऐकले नाही. पांडवांच्या छावणीत शिरून त्याने धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाच पुत्रांना झोपेत मारले, आणि मरणोन्मुख दुर्योधनाला जाऊन ते अभिमानाने सांगितलेही. तरीही महाभारताने त्याला क्षमा केली नाही. कपाळावरचा मणी गेला आणि वणवण भटकणे नशिबी आले. कारण ज्यांच्यावर तो तुटून पडला ते त्या घटकेला असहाय होते.

तेव्हा मला वाटते, लपण्याचा अधिकार असा आहे: तो दुबळ्याचा आहे, बलवानाविरुद्ध आहे, आणि वार होईपर्यंतच आहे.

यातले पहिले कलम सर्वांत अवघड, हेही त्या खेळाने मला दाखवले. पुतण्या तिसाव्या पायरीच्या सुमारास एका घनदाट जंगलात पोहोचला. तेथे साठाव्या पायरीवरचे काही जुने खेळाडू, त्याच्यासारखेच रोग, दबा धरून बसलेले असत. नवखा कोणी दिसला की एका घावात संपवायचा, आणि तो पुन्हा जिवंत होऊन आला की पुन्हा संपवायचा. एका संध्याकाळी तो सात वेळा मेला. "काका, मला मारून त्यांना काहीच मिळत नाही," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "इतक्या खालच्याला मारले तर खेळ मानाचा एक गुणसुद्धा देत नाही. तरी मारतात!"

हे मारणारे एके काळी त्याच्यासारखेच कातडे पांघरून, निम्म्या वेगाने, जीव मुठीत धरून वाढले होते. लपणे ही तेव्हा त्यांची गरज होती. आता बळ आले, गरज सरली. सवय मात्र उरली. दुबळेपणी मिळवलेली विद्या माणूस सबळ झाल्यावर कोणावर चालवतो, यातच त्याची परीक्षा आहे. पायऱ्या चढणे त्या मानाने सोपे.

आमच्या मास्तरांच्या जगातही हे जंगल आहे. मागे एका शाळेत माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेविरुद्ध निनावी पत्र आले. टंकलिखित, सही नाही. आरोप तिच्या चारित्र्यावर होता. चौकशी झाली, काहीही निष्पन्न झाले नाही, कागद दप्तरी दाखल झाला. पण त्या बाई पूर्वी मधल्या सुट्टीत सर्वांबरोबर डबा खात, हसत. आता वर्गातच खातात. पत्र लिहिणारा माणूस कदाचित रोज त्यांना नमस्कार करीत असेल. त्याने वार केला आणि तो दिसला नाही. आता तर टंकयंत्रही नको; खोट्या नावाचे खाते उघडून असा वार खाटेवर पडल्या पडल्या करता येतो.

त्याच सुमारास आमच्या शाळेच्या तक्रारपेटीत एक चिठ्ठी निघाली. वहीचा फाडलेला कागद, पेन्सिलीने लिहिलेले: मधल्या सुट्टीत मोठी मुले विहिरीकडे नेऊन मारतात, खाऊचे पैसे घेतात. खाली नाव नव्हते. मुख्याध्यापकांनी ती माझ्यापुढे ठेवली. मराठीच्या वह्या मी तपासतो. मुलांची अक्षरे मला त्यांच्या चेहऱ्यांइतकी ओळखीची. "कोणाचे हे अक्षर?" त्यांनी विचारले. त्यांचा हेतू चांगला होता. मुलाला बोलावून नीट चौकशी करावी असे त्यांना वाटत होते. 'ळ' काढण्याच्या तऱ्हेवरून मी मुलगा ओळखला होता. मी म्हणालो, "अक्षर मी ओळखले आहे, पण नाव सांगणार नाही. बोलावलेत तर शिपायासकट साऱ्या शाळेला कळेल. विहिरीकडे उद्यापासून मी उभा राहतो." ते जरा रागावले, मग हसले. तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी काय चालते ते मी डोळ्यांनी पाहिले, आणि पुढचे सारे मुलाचे नाव न येता झाले.

दोन्ही कागद बिनसहीचे. कायदा कदाचित दोहोंना एकच नाव देईल. पण एकाचा लेखक निम्म्या वेगाने, मोठ्यांच्या नजरा चुकवीत त्या पेटीपर्यंत गेला होता. दुसऱ्याचा एका एकट्या बाईच्या पाठीमागे उभा होता. पहिल्याला आडोसा देणे हे माझे काम आहे असे मी समजतो. दुसऱ्याला मी एवढेच म्हणेन की लपाछपी खेळणाऱ्या पोरांतसुद्धा त्याला कोणी घेणार नाही.

पुतण्या आता बावन्नाव्या पायरीवर आहे. दिवाळीच्या सुट्टीत साठावी गाठायची असा त्याचा बेत असून फराळाचे ताट माडीवरच पाठवावे, अशी मागणी वहिनींकडे आधीच नोंदवली गेली आहे. साठावी गाठल्यावर तू त्या जंगलात परत जाशील काय, आणि गेलास तर काय करशील, असे मी त्याला परवा विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"बघू," म्हणाला.

मी पुढे काही बोललो नाही.