शत्रूचे लेकरू

(निर्गम, अध्याय 2, वचने 1 ते 10 हा भाग प्रथम वाचून घ्यावा.)



नील नदीच्या काठी लव्हाळ्यांत ठेवलेल्या पेटीची कथा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ आहे. शब्बाथशाळेत ती आपण इतक्या वेळा ऐकली आहे की, तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्षच जात नाही. फारोच्या कन्येने पेटी उघडली, मूल रडत होते, तिला त्याचा कळवळा आला, आणि हे इब्र्यांचे मूल आहे हे तिने तत्क्षणी ओळखले. अज्ञानाने तिने ते उचलले नाही. ज्या लोकांचा प्रत्येक मुलगा नदीत टाकावा असा तिच्या बापाचा हुकूम होता, त्याच लोकांचे हे मूल आहे हे पुरते जाणून तिने त्याला त्याच नदीतून बाहेर काढले. मोशेच्या आईचा विश्वास आणि बहिणीची चतुराई ह्यांवर उपदेशक नेहमी बोलतात, व ते योग्यच आहे. मला आज ह्या परक्या, मूर्तिपूजक राजकन्येविषयी बोलावयाचे आहे. कारण तिच्यासारखेच काम केलेली एक स्त्री आपल्या फार मागे नाही, शंभर वर्षांच्या थोड्या पलीकडे होऊन गेली.

सन 1918 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 11 व्या तारखेस पहिल्या महायुद्धातील तोफा थांबल्या. इंग्लंडात घंटा वाजल्या, उपकारस्तुतीच्या सभा झाल्या. परंतु जर्मनी व ऑस्ट्रिया ह्यांचा समुद्रमार्ग इंग्लंड व त्याच्या दोस्तांच्या आरमाराने अडवून धरला होता तो तसाच राहिला. तहावर सही होईपर्यंत शत्रूस मोकळीक द्यावयाची नाही असा त्यांचा हिशोब होता, आणि ही नाकेबंदी 1919 च्या जुलैपर्यंत पूर्णपणे उठली नाही. आता, बंधूंनो, नाकेबंदीने सेनापती उपाशी मरत नाही. व्हिएन्ना शहरात दूध मिळेना, चरबी मिळेना, कोळसा मिळेना. मुलांस मुडदूस झाला, क्षय झाला. दोनतीन वर्षांची मुले पायांवर उभी राहीनात. ह्या मुलांपैकी पुष्कळांचा जन्मच लढाई चालू असता झाला होता. लढाई कोणी पुकारली हे त्यांस कोठून ठाऊक असणार?

एग्लंटाइन जेब ही स्त्री त्या वेळी बेचाळीस वर्षांची होती. तिचा जन्म 1876 साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एका सुखवस्तू घराण्यात झाला; ऑक्सफर्ड येथे ती इतिहास शिकली; 1913 साली बाल्कन युद्धातील निर्वासितांस मदत पोचविण्यासाठी मॅसिडोनियात जाऊन आली. लग्न केले नाही, मूलबाळ नाही. येथे तिच्या चरित्रातील एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपण साधुसंतांची चरित्रे सांगताना अशा गोष्टी झाकून ठेवतो. जेबबाईंना लहान मुलांची फारशी आवड नव्हती. तरुणपणी त्यांनी सुमारे वर्षभर शाळेत शिकविले, आणि ते काम आपल्याने होत नाही असे म्हणून सोडून दिले. मुलांच्या घोळक्यात त्यांचा जीव रमत नसे. मला ही गोष्ट फार उपयोगाची वाटते. प्रीती म्हणजे गोड वाटणे असे आपण समजून बसलो आहो. शेजारच्या मेंढवाड्यातील शेंबडे, खरजुले पोर पाहून मला काही गोड वाटत नाही हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. परंतु ते उपाशी असेल तर माझ्या वाटण्याशी त्याच्या भुकेचा संबंध काय?

जेबबाईंची धाकटी बहीण डॉरथी बक्स्टन हिने युद्ध चालू असताच परदेशी वर्तमानपत्रांतील मजकूर भाषांतर करून छापण्याचा क्रम चालविला होता, तेणेकरून शत्रूच्या मुलखातील हालअपेष्टा ह्या बहिणींस आधीपासून कळत होत्या. 1919 च्या वसंत ऋतूत जेबबाई लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उभ्या राहून एक पत्रक वाटू लागल्या. त्यावर ऑस्ट्रियातील एका बालकाचे छायाचित्र होते: डोके मोठे, हातपाय काड्यांसारखे. हे आपल्या नाकेबंदीने केले आहे, एवढेच त्या पत्रकाचे सांगणे. परंतु पत्रक सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घेतलेले नव्हते, आणि लढाईच्या काळचा कायदा अद्याप लागू होता. बाईंस पकडण्यात आले. मे महिन्यात खटला उभा राहिला, तेव्हा आपली बाजू त्यांनी स्वतःच मांडली. कायदा मोडला हे त्यांनी नाकारले नाही. आपले वागणे नीतीला धरून होते, हे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशाने 5 पौंड दंड केला. शिक्षा त्याहून पुष्कळ मोठी होऊ शकली असती.

ह्यानंतर जे घडले ते ऐका. सरकारच्या बाजूने खटला चालविणारे वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन, ज्यांनी नुकतेच ह्या बाईला गुन्हेगार ठरविले होते, त्यांनी दंडाइतके 5 पौंड स्वतःच्या खिशातून काढून तिच्या हाती दिले. ते पैसे बाईंनी दंडासाठी वापरले नाहीत. उपाशी मुलांसाठी त्या जो निधी उभारीत होत्या त्याची पहिली वर्गणी म्हणून ते जमा झाले. फारोच्या घरात दया निपजते ती अशी!

त्याच महिन्याच्या 19 व्या तारखेस लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी जाहीर सभा भरली, आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ ह्या संस्थेची स्थापना झाली. सभेस आलेल्यांपैकी कित्येकांनी वक्त्यांवर फेकण्यासाठी नासकी फळे आणली होती असे सांगतात. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्या बाईचा मुलगा फ्रान्सच्या चिखलात पुरला गेला, तिला शत्रूच्या मुलासाठी दूध माग म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. आपण घरी बसून तिला कठोर म्हणू नये.

आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांस अनाथ लेकरांची सेवा नवी नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला, आणि केडगावचे ‘मुक्ती’ त्यातूनच वाढले. परंतु तेथे दुष्काळ देवाच्या आभाळाचा होता आणि मुली आपल्याच देशाच्या होत्या. येथे उपासमार माणसाने घातलेली, आणि मूल ज्यांनी आपली माणसे मारली त्यांचे. हा भेद ध्यानात असू द्यावा.

मंडळीने काय केले, हेही सांगणे प्राप्त आहे. हेरोदाने मारलेल्या निर्दोष बालकांच्या स्मरणाचा दिवस, 28 डिसेंबर, ह्या दिवशी देवळांतून ह्या मुलांसाठी दान गोळा करावे अशी जेबबाईंची विनंती होती. स्वतः त्या इंग्लंडच्या मंडळीच्या. परंतु आधी पुढे आला तो रोमचा पोप, पंधरावा बेनेडिक्ट. त्याने 1919 च्या नोव्हेंबरात आपल्या सर्व धर्मप्रांतांस मध्य युरोपातील मुलांसाठी दान गोळा करण्याविषयी पत्र लिहिले, व पुढच्या वर्षीच्या पत्रात ह्या निधीचा नाव घेऊन गौरव केला. आपण प्रॉटेस्टंट लोकांनी हे वाक्य थोडे सावकाश वाचावे.

सन 1921 मध्ये रशियात व्होल्गा नदीच्या काठच्या प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. आता तर बोल्शेविकांचे राज्य, देवाचे नाव टाकून दिलेले! इंग्लंडातील वर्तमानपत्रांनी विचारले, आमचे कामगार बेकार बसले असता आमचा पैसा रशियात का? तरी त्याच वर्षी निधीने अन्नाने भरलेले जहाज पाठविले, सारातोव्ह प्रांतात अन्नछत्रे घातली, आणि लाखो मुलांच्या तोंडी घास गेला. दुष्काळाचे चलच्चित्र काढून ते इंग्लंडात दाखविण्यात आले, कारण डोळ्यांनी पाहिल्यावाचून पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता. पुढे ब्रिटनच्या खाणकामगारांची मुले अडचणीत आली तेव्हा त्यांच्यासाठीही ह्याच निधीने काम केले. तेव्हा ‘आधी घरचे’ असे ओरडणाऱ्यांस उत्तर मिळाले. हिशोबाविषयी जेबबाई फार करड्या होत्या. कोठे किती गरज आहे ह्याची आधी पाहणी, मग मदत, मग झालेल्या कामाचा वृत्तांत, असा त्यांचा आग्रह असे. धर्मकार्याचा पैसा म्हणजे वहीवाचूनचा पैसा असे जे काही मंडळ्यांतून समजले जाते (नावे मी घेत नाही), त्यांनी हे पाहावे.

परंतु बाईंच्या मनाला एक बोच लागून राहिली. एक लढाई संपते, दुसरी सुरू होते. एक दुष्काळ सरतो, दुसरा पडतो. आणि दर वेळी मुलाने दात्याच्या दारी उभे राहावयाचे. दात्यास कळवळा आला तर जगावयाचे, न आला तर मरावयाचे. ह्यावर विचार करून 1923 साली त्यांनी जिनीवा येथे पाच कलमांचा एक लहानसा लेख तयार केला. गावाशेजारच्या सालेव्ह डोंगरावर चढून गेल्या असता त्यांस तो सुचला असे सांगतात. त्याचा आशय असा: मुलाच्या देहाची व आत्म्याची वाढ नीट होण्यास जे लागते ते त्यास मिळावे, भुकेल्यास अन्न, आजाऱ्यास शुश्रूषा, मागे राहिलेल्यास हात, वाट चुकलेल्यास परत येण्याची संधी, पोरक्यास आसरा मिळावा, संकटात मदत आधी मुलास पोचावी, त्यास पोट भरण्याची विद्या यावी पण कोणी त्याच्या श्रमावर आपली तुंबडी भरू नये, आणि आपले गुण हे बंधुजनांच्या सेवेसाठी आहेत ह्या जाणिवेत त्यास वाढवावे. वंश, राष्ट्र किंवा धर्म ह्यांचा विचार ह्यात आड येऊ नये, हेही आरंभीच घातले होते. 26 सप्टेंबर 1924 रोजी राष्ट्रसंघाने हा लेख मान्य केला.

ह्या लेखाचे मर्म असे की, मुलाला द्यावयाचे ते मानवजातीचे देणे आहे असे त्यात धरले आहे. जुन्या गावगाड्यात (त्या गावगाड्याने आपल्या वाडवडिलांस काय भोगावयास लावले ते क्षणभर बाजूला ठेवू) सुगीला खळ्यावर सुतार आला, लोहार आला, की आपला वाटा मागून घेई. तो भिकारी म्हणून येत नसे. नांगर त्याने केला होता, वाटा त्याचा होता. जेबबाईंनी मुलास भिकाऱ्याच्या जागेवरून उठवून खळ्यावरच्या हक्कदाराच्या जागी बसविले. आणि मुलाने तर नांगरही केलेला नसतो! मग त्याचा हक्क कशावर? आपण ख्रिस्ती लोक ह्याचे उत्तर देऊ शकतो. शिष्य लेकरे आणणारांस दटावीत होते तेव्हा प्रभूला राग आला, असे मार्क 10 व्या अध्यायात सांगतो. त्या लेकरांची जात, घराणे किंवा वागणूक ह्यांची चौकशी प्रभूने केल्याचे तेथे लिहिलेले नाही.

बाई फार जगल्या नाहीत. दुखणे जुने होते, श्रम अतोनात. 17 डिसेंबर 1928 रोजी वयाच्या 52 व्या वर्षी जिनीवा येथे त्यांस देवाज्ञा झाली. युरोपाबाहेरील मुलांची चिंता त्यांनी शेवटी शेवटी मनाशी धरली होती, आणि 1931 साली आफ्रिकेतील मुलांविषयी परिषद जिनीवात भरली ती त्यांच्या मागे. त्यांच्या लेखाचे बीज मात्र वाढत गेले. संयुक्त राष्ट्रांनी 1959 साली बालहक्कांचा विस्तृत जाहीरनामा काढला, आणि 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्कांचा करार संमत केला. हा करार राष्ट्रांस बंधनकारक आहे. 196 पक्षांनी तो स्वीकारला आहे, आणि भारत 11 डिसेंबर 1992 रोजी त्यात सामील झाला. 1990 साली जगात पाच वर्षांच्या आतील सुमारे 1 कोटी 28 लाख मुले मरण पावली होती; 2022 साली ती संख्या सुमारे 49 लाखांवर आली. हे कराराच्या कागदाने झाले नाही. लशींनी झाले, साखर-मिठाच्या पाण्याने झाले, मच्छरदाण्यांनी झाले, दारोदार फिरणाऱ्या बायांच्या पायपिटीने झाले. तरी 49 लाख म्हणजे रोज तेरा हजारांहून अधिक लहानशा कबरी. आणि अन्नाची वाट अडवून लढाई जिंकू पाहणारे फारो व हेरोद अजून संपलेले नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणारास सांगावयास नको.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपणांपैकी कोणाच्या हाती आरमार नाही. परंतु बांधाचा दावा आहे, भाऊबंदकी आहे, मंडळीच्या निवडणुकीवरून पडलेले दोन तट आहेत. ज्या घराशी आपले बोलणे बंद आहे त्या घरचे मूल तापाने फणफणले, तर आपण गाडी जुंपतो की कवाड लावून घेतो? त्या घरची तेरा वर्षांची मुलगी शाळेतून काढून लग्नास उभी केली, तर ‘त्यांचे ते पाहतील’ हे शब्द आपल्याच ओट्यावर उच्चारले जातात. ही नाकेबंदीच होय, फक्त तिची सरकारदरबारी नोंद नसते. दिवाळीनंतर ऊसतोडीस टोळ्या निघतात, आणि मुकादमाच्या गाडीत आईबापांबरोबर शाळेतली पोरेही चढतात. अशा मुलांस गावीच ठेवून शिकविता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे; परंतु कोणी जाऊन मुख्याध्यापकास विचारील तेव्हा ना!

उपदेशकबंधूंस माझी विनंती आहे की, टोळ्या निघण्यापूर्वी एका रविवारी सायंप्रार्थनेनंतर पंचांसह बसून गावातील मुलांची एक यादी करावी: कोणाची लस राहिली, कोणाचे नाव पटावरून गेले, कोण हंगामात ऊसतोडीला जाणार. यादीत केवळ मंडळीतील घरे घेऊ नयेत. आणि ज्या घराच्या उंबऱ्यावर आपण दोन वर्षांत पाऊल टाकले नाही, त्या घरी यादी घेऊन प्रथम पाळकाने स्वतः जावे.