मागील चाकांवरचें वजन

(अनुवाद २२:८)



नव्या घराच्या धाब्यास कठडा हवा, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. कोणी पडण्याची वाट न पाहतां, घर बांधतांनाच तो करावयाचा. आमच्या गांवांत आतां धाबीं थोडीं व ट्रॅक्टर पुष्कळ, म्हणून हें वचन आम्ही आज ट्रॅक्टरापाशीं नेतों.

खत भरण्याचें काम चाललेलें आम्ही पाहिलें. लहान ट्रॅक्टरास पुढें लोडर जोडला होता. भरलेलें बकेट उचलतांच मागील चाकें जमीन सोडूं लागलीं. तेव्हां मालकानें आपल्या पुतण्यास व एका गड्यास मागील लिफ्टच्या दांड्यांवर उभें केलें, आणि काम पुढें चाललें. सर्व हंसत होते. आम्हीही क्षणभर हंसलों, हें कबूल केलें पाहिजे.

गाडी उलाळ झाली म्हणजे जूं वर उचलतें, हें तुम्हांस ठाऊक आहे. येथें तोच प्रकार, फक्त उलट दिशेनें. बकेटमध्यें ३०० किलो खत पुढील आंसाच्या १.२ मीटर पुढें आहे, व दोन आंसांतील अंतर १.६ मीटर आहे, असें धरूं. मग मागील चाकांवरचा २२५ किलो भार निघून जातो, आणि पुढील आंसावर ३०० नव्हे, तर ५२५ किलो अधिक पडतो. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांसच लागतात. तीं हलकीं झालीं म्हणजे उतारावर ब्रेक दाबून काय उपयोग? शिवाय पुढील आंस मधोमध खिळीवर डोलता असतो, त्यामुळें मागील चाकें सुटलीं कीं ट्रॅक्टर बाजूस कलंडूं शकतो.

यास्तव मागील लिफ्टला वाळूची पेटी किंवा काँक्रीटचा ठोकळा पक्का जोडावा. १०० लिटर मापाचें काँक्रीट सुमारें २४० किलो भरतें. २५० किलो वजन मागील आंसाच्या ०.८ मीटर मागें टांगलें, तर मागील चाकांवर ३७५ किलो येतात व पुढील आंसावरचे १२५ किलो उतरतात. टायरांत पाणी भरणेंही चांगलें, परंतु तें वजन आंसावरच बसतें. पुढचा भार त्यानें हलका होत नाहीं. आपल्या यंत्रास किती वजन सोसतें हें त्याच्या पुस्तिकेंत पाहावें, आणि बकेट भरलेलें असतां तें खालीं ठेवूनच चालावें.

माणसेंही वजनच देतात ना, असें कोणी म्हणेल. देतात; परंतु ठोकळ्याचा पाय घसरत नाहीं. बकेट एकाएकीं रिकामें झालें कीं मागील चाकें धाडकन् खालीं आदळतात, आणि दांड्यावरचा माणूस फेंकला जातो. चालकाचें तोंड पुढें. मागें कोण पडला हें त्यास दिसतही नाहीं. आणि बंधुजनहो, त्या गड्यास कोणी विचारलें होतें काय? रोजावर आलेला मनुष्य मालकास नाहीं कसें म्हणेल?

पुढच्या रविवारीं उपासनेनंतर आम्ही त्या मालकाकडे गेलों. आधीं तो रागावला. मग अंगणांतील जुनें पिंप दाखवून, यांत आरपार गज घालून काँक्रीट ओतलें तर चालेल काय, असें त्यानें विचारलें. बुधवारीं आम्ही तेथून जात असतां पुतण्या वाळू चाळीत होता.